काचपेटीतील रोपांची सामाईक नोंदवही : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात या सदरात काचपेटीविषयी लिहिले होते. माती, रोपे आणि लहान जीव यांना एकत्र नांदवणाऱ्या या काचेच्या पेटीला व्हिवेरियम म्हणतात. त्या लेखाच्या शेवटी असे सुचवले होते की, विदर्भातील शाळांनी आणि हौशी मंडळींनी आपापल्या पेट्यांत कोणती रोपे कशी वाढली याची एक सामाईक नोंदवही तयार करावी. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावांऐवजी तालुका आणि जिल्हा तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमच्या केंद्रातील पाच शाळांत काचपेट्या आहेत. आम्ही शिक्षकांनी मिळून ‘टिकणारी रोपे’ आणि ‘न टिकणारी रोपे’ अशा दोन याद्या केल्या. परंतु एका शाळेत जे रोप पहिल्या यादीत, तेच दुसऱ्या शाळेत दुसऱ्या यादीत येते. फिटोनिया एका शाळेत दोन वर्षे टिकला, दुसरीत दोन महिन्यांत गेला. कोणाची नोंद खरी धरावी? (एक शिक्षिका, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : दोन्ही नोंदी खऱ्या धराव्यात आणि दोन्ही याद्या बाजूला ठेवाव्यात. जो मतभेद आपल्याला अडचण वाटतो आहे, त्यातच नोंदवहीचे सगळे मोल आहे. फिटोनिया हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील, पेरू आणि आसपासच्या दमट जंगलांच्या तळाशी वाढणारे रोप आहे. गर्द सावली आणि ओलसर हवा यांची त्याला सवय असते. आपल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आपण सहज लिहून गेला आहात की, पहिल्या शाळेची ती खोली जुन्या जाड भिंतींची व कवेलूंची आहे आणि दुसऱ्या शाळेवर टिनाचे छप्पर आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर टिनाखालच्या बंद खोलीत, त्यातही बंद काचेच्या पेटीत काय होत असेल, हे विदर्भातील माणसाला सांगायला नको. तेव्हा फिटोनिया चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. कवेलूखाली काय झाले आणि टिनाखाली काय झाले, एवढेच लिहायचे आहे, आणि ते आपल्या पत्रात लिहून झालेले आहे.

म्हणून पहिला नियम असा करावा की नोंदवहीतील एक ओळ म्हणजे एका पेटीतील एका रोपाची एका ठरावीक काळातील हकीकत. रोप कोठून आणले, कोणत्या तारखेला लावले, पेटीची लांबी-रुंदी-उंची किती, झाकण बंद की जाळीचे, खिडकी कोणत्या दिशेला, दिवा असल्यास किती वॅटचा व दिवसातून किती तास, पाणी कोणते, मातीत काय काय मिसळले, छप्पर कशाचे, आणि पेटीच्या आतले कमाल व किमान तापमान किती, एवढे लिहिले की पुढचा वाचक स्वतःच्या खोलीशी ताडून पाहू शकतो. तापमानाची सरासरी काढण्याच्या फंदात पडू नये. रोप सरासरीने मरत नाही, ते एखाद्या दुपारी मरते. कमाल-किमान तापमापक साधासा मिळतो. तो पेटीच्या मध्यभागी, पानांच्या उंचीवर टांगावा. काचेला चिकटवलेला तापमापक उन्हात काचेचेच तापमान सांगतो.

दुसरा नियम मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. मेलेल्या रोपाची नोंद जिवंत रोपाच्या नोंदीइतक्याच काळजीने झाली पाहिजे. आपल्याकडे ही नोंद होत नाही, कारण रोप मेले की माणसाला ओशाळल्यासारखे होते, आणि शाळेत तर तपासणीच्या आदल्या दिवशी मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप येते व जुन्याचा विषय संपतो. मी स्वतः अनेक वर्षे हेच केले. माझ्या ओसरीवरील पेटीत हंसराज नावाचा नेचा दर पावसाळ्यात लावत असे; जुलै ते जानेवारी तो असा भरून येई की काळ्या चकचकीत देठांवरची पंख्यासारखी पाने काचेला टेकत, आणि मार्चअखेर पानांच्या कडा आधी तपकिरी, मग कागदासारख्या कडक होत. तीन उन्हाळे मी पाण्यालाच दोष देत राहिलो. चौथ्या वर्षी तारखा लिहून ठेवल्या तेव्हा लक्षात आले की कडा वाळू लागतात त्याच आठवड्यात आमच्याकडे पंखा दिवसभर सुरू होतो आणि पेटीचे जाळीचे झाकण थेट पंख्याखाली येते. मार्चनंतर दुपारची हवा आधीच कोरडी, त्यात पंखा पेटीतला ओलावा खेचून नेई. झाकणाचा तीन-चतुर्थांश भाग काचेने झाकल्यावर नेचा उन्हाळा काढू लागला. पहिल्या तीन वर्षांच्या नोंदी असत्या, तर ही गोष्ट मला वर्षभरातच कळली असती आणि दुसऱ्या कोणाला तर एका दिवसात.

हे शहाणपण नवे नाही. काचेच्या बंद पेटीत रोपे वाढवण्याची पद्धत ज्यांच्यापासून सुरू झाली, ते लंडनचे डॉक्टर नथानिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ साली पतंगाचा कोष एका झाकणाच्या बाटलीत ओलसर मातीत ठेवला होता, आणि त्या मातीतून आपोआप एक नेचा व एक गवत उगवून आले. ती दोन्ही जवळपास चार वर्षे जगली. वॉर्ड यांनी ती किती जगली, गवताला एकदा फुलोरा आला, हे जसे लिहिले तसेच ती कशी मेली हेही लिहिले. ते घरी नसताना झाकण गंजले आणि पावसाचे पाणी आत शिरले. १८३३ मध्ये त्यांच्या पेट्यांतून रोपे जहाजाने थेट सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. त्यांचे पुस्तक १८४२ साली आले. गंजलेल्या झाकणाची ती ओळ मला त्यातील सगळ्यांत उपयोगी ओळ वाटते, कारण पेटी लावणाऱ्या माणसाला ती आजही सावध करते.

मृत्यूच्या नोंदीत मात्र ‘पाहिले’ आणि ‘वाटले’ असे दोन वेगळे रकाने असावेत. ‘१२ मे रोजी खालची चार पाने गळली, देठ मऊ पडला’ हे पाहिलेले आहे. ‘पाणी जास्त झाले असावे’ हे वाटलेले आहे. पहिला रकाना कधीही खोडू नये. दुसरा पुढे कोणीही सुधारू शकतो, आणि त्यात ‘कारण कळले नाही’ असे लिहिण्यात काहीच कमीपणा नाही.

काचपेटीतील रोपांच्या परदेशी याद्यांतील रकाने जसेच्या तसे उचलण्याचा मोह टाळावा. मध्य अमेरिकेतील एका लहान विषारी बेडकाची मादी आपली पिल्ले पाठीवर घेऊन ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातील वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात नेऊन सोडते आणि तेथेच त्यांना स्वतःची अंडी खाऊ घालते. असे बेडूक पाळणाऱ्यांच्या यादीत ‘पानांच्या बेचक्यात पाणी साठते का’ हा रकाना त्यामुळे आवश्यक ठरतो. आपल्याकडे त्याच बेचक्यात डासांच्या अळ्या होतील. आपल्याला लागणारा रकाना ‘मे महिन्यात काय झाले’ हा आहे, आणि तो बाहेरच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या गटाने दोनशेच्या वर नोंदी संगणकावर टंकित केल्या. आता शोधायला गेलो तर एकच वनस्पती तीन-चार ठिकाणी वेगवेगळी निघते, आणि काही वेळा एकाच नावाखाली दोन वनस्पती आहेत. सगळे पुन्हा करावे लागेल का? (एक विद्यार्थी, ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : पुन्हा करावे लागणार नाही, पण नावांचे काम नोंदींपासून वेगळे काढावे लागेल. आपण पाठवलेल्या पानांत दोन निरनिराळे दोष एकमेकांत मिसळलेले दिसतात.

पहिला दोष लेखनाचा आहे. ‘मनी प्लांट’, ‘मनीप्लांट’, ‘मनी प्लॅन्ट’ ही तीन रूपे डोळ्यांना एकच वाटतात, यंत्राला तीन वाटतात. त्याहून फसवी गोष्ट अशी की, काही अक्षरे पडद्यावर अगदी सारखी दिसूनही आतून वेगळी असतात. ‘ॲडियँटम’मधील ‘ॲ’ एकाच कळीने उमटवता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, ‘ऱ्हा’मधील अर्धा र सुद्धा युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. आपल्या गटातील एकाने भ्रमणध्वनीवर आणि दुसऱ्याने संगणकावर टंकन केले असेल, तर शोध एकाच्या नोंदी दाखवील व दुसऱ्याच्या गिळून टाकील. आणि कोणी कृतिदेवसारख्या जुन्या अक्षरवळणात टंकित केले असेल, तर ते वळण नसलेल्या संगणकावर त्या नोंदी म्हणजे निरर्थक चिन्हांचा ढीग ठरतो. त्या आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी टंकन करून देणारे अजूनही सर्रास कृतिदेव वापरतात, म्हणून काम देतानाच हे सांगावे.

यावरचा उपाय सोपा आहे. वनस्पतींचे एक वेगळे पान करून प्रत्येकीला एक क्रमांक द्यावा आणि नोंदींच्या पानावर नावाऐवजी केवळ तो क्रमांक लिहावा. वनस्पतींच्या पानावर रोमन लिपीत शास्त्रीय नाव, जुनी शास्त्रीय नावे, आणि मग बोलीतील नावे त्या-त्या गावासह लिहावीत. शास्त्रीय नावासाठी लंडनच्या क्यू उद्यानाची जगभरातील वनस्पतींची नावसूची प्रमाण मानावी, म्हणजे वाद उरत नाही. नावे बदलतात, हे गृहीत धरूनच क्रमांक द्यायचा असतो. मनी प्लांटला १८८० मध्ये पोथॉस या वंशात नाव मिळाले, पुढे तो सिंडॅप्सस झाला आणि १९६४ पासून एपिप्रेम्नम ऑरियम आहे. तरी रोपवाटिकेत आजही पोथॉस म्हणूनच विकला जातो. सॅन्सेव्हिएरियाला अलीकडे ड्रॅसिना या वंशात घातले आहे. क्रमांक तोच राहिला की नाव एका ठिकाणी बदलले म्हणजे काम झाले.

दुसरा दोष भाषेचा आहे, आणि तो यंत्राने सुटणारा नाही. आपल्या नोंदींत ‘ब्राह्मी’ पाण्याच्या कडेला उत्तम वाढली असे एक जण लिहितो, आणि पाण्यात कुजली असे दुसरा. दोघांचे छायाचित्र पाहिले. पहिल्याच्या पेटीत जाडसर, चमच्याच्या आकाराची इवलीशी पाने समोरासमोर आलेली आहेत. ती नीरब्राह्मी, म्हणजे बकोपा मोनिएरी, जी दलदलीत वाढते आणि मत्स्यपेटीतही लावली जाते. दुसऱ्याच्या पेटीत लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचे, कातरलेल्या कडांचे एकेक पान उभे आहे. ती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. या दोन्ही वनस्पतींना आपल्या बाजारात ब्राह्मीच म्हणतात, आणि दोघांचे म्हणणे त्यांच्या गावच्या बोलीप्रमाणे बरोबर आहे. तसेच ‘शेवाळ’ या शब्दाचे. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावरचा हिरवा चिकट थर आणि विहिरीच्या दगडांवरची मखमली मॉस या दोन्हींना आपण शेवाळ म्हणतो. पेटीत एक नको असते आणि दुसरी हवी असते. बोलीनाव कधीही काढून टाकू नका. त्याच्याशेजारी पानाचे वरचे, खालचे आणि देठाच्या सांध्याचे अशी तीन छायाचित्रे मात्र सक्तीची करा.

प्रश्न : ‘अगदी सोपी’ म्हणून जिथे-तिथे शिफारस होते ती मॉस माझ्याकडे तीनदा मेली. पेटीच्या काचेवर आणि मातीवर पांढरी पुटी येते. मी नोंद करावी अशी माझी पात्रता आहे का? (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : आपली नोंद मला सर्वांआधी हवी आहे. आपण खारपाणपट्ट्यात राहता. पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या त्या पट्ट्यात भूजलच खारे आहे, आणि ‘सोपी मॉस’ असे लिहिणाऱ्याने त्या पाण्याची चव कधी घेतलेली नसते. मॉसला खरी मुळे नसतात. ती पाणी अंगभर शोषून घेते आणि तिची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात, त्यामुळे पाण्यातील क्षारांपासून तिला आडोसा नाही. वरून पेटीला तळाशी छिद्र नसते. आपण फवारतो, पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात, पुन्हा फवारतो, पुन्हा क्षार साठतात. घरच्या कूलरच्या जाळीवर उन्हाळ्याच्या शेवटी जो कडक पांढरा थर बसतो, तोच हा.

तिन्ही वेळच्या तारखा आठवत असतील तशा लिहा, आणि पाण्याचा रकाना सविस्तर भरा: बोअरचे, नळाचे, शुद्धीकरण यंत्राचे की पावसाचे. पाण्यातील विरघळलेले क्षार मोजणारे लहान मापक गावातील एखाद्या पाणीशुद्धीकरण केंद्रावर असते. तेथे एक वाटी पाणी नेऊन आकडा विचारला तर सहसा नाही म्हणत नाहीत. त्यानंतर चौथ्यांदा मॉस लावा, पण पावसाच्या पाण्यावर. पहिल्या दोन-तीन सरींनी छप्पर धुतले गेल्यावर पन्हाळीचे पाणी स्वच्छ डब्यांत भरून अंधारात ठेवावे. एका लहान पेटीला वर्षभर पुरेल इतके पाणी दोन-चार डब्यांत मावते. कूलरच्या टाकीतील पाणी चुकूनही वापरू नये, त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात. चौथी मॉस जगली तर दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, शेगाव या सगळ्या भागांतील पेटीवाल्यांचे काम आपण एकट्याने केले असे होईल, आणि मेली तरी पाण्यावरचा संशय फिटून आपल्याला दुसरीकडे पाहता येईल.

प्रश्न : मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया विषारी आहेत असे सर्व याद्यांत आहे. मग आमच्या सामाईक नोंदवहीत ती वगळावीत का? (एक पालक, ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : वगळू नयेत, ‘विषारी’ या एका शब्दाचा रकाना मात्र वगळावा. त्याऐवजी ‘कोणी खाल्ले, किती खाल्ले, काय झाले, आणि हे कोणी पाहिले’ असे विचारावे. या दोन्ही वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूने घशाला खाज सुटते तीही यांच्यामुळेच, तेव्हा मुलांच्या तोंडी ही पाने लागू नयेत, हे निर्विवाद. परंतु प्रचलित याद्या बहुतांशी कुत्री, मांजरे आणि घोडे यांच्यासाठी केलेल्या आहेत आणि तेथून त्या एकातून दुसरीत उतरत आल्या आहेत. पान न खाणाऱ्या जीवाला त्यांचा काय संबंध, आणि पान खाणाऱ्या गोगलगायीवर काय परिणाम होतो, हे प्रत्यक्ष पाहणाऱ्यानेच लिहावे लागेल.

माझ्या मते खरी भीती दुसऱ्या विषाची आहे, आणि याद्यांत त्याचे नावही नसते. दोन वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून तीन सिंगोनियम आणले, पाने नळाखाली धुतली आणि त्याच दिवशी पेटीत लावले. मातीत तिळाहूनही लहान, पांढरे, उड्या मारणारे जीव असतात, ज्यांना स्प्रिंगटेल म्हणतात. बुरशी खाऊन ते पेटी स्वच्छ ठेवतात. आठवडाभरात ते दिसेनासे झाले आणि पाठोपाठ लाकडाच्या तुकड्यावर करड्या बुरशीचा कापूस चढला. कपाशी पिकवणाऱ्या घरात हे सांगायला नको की, इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके रोपाच्या रसात भिनतात, पान धुऊन जात नाहीत. त्या रोपांवर काय मारले होते याची खात्री मला कधीच झाली नाही, म्हणून माझ्या नोंदीत ते ‘वाटले’च्या रकान्यात आहे. तेव्हापासून मी नवे रोप जुनी माती पूर्ण काढून, स्वच्छ मातीत, वेगळ्या कुंडीत किमान दीड-दोन महिने ठेवतो, आणि जमल्यास त्याला फुटलेल्या नव्या फांदीची कलमेच पेटीत लावतो. रोप कधी आणले आणि पेटीत कधी गेले, या दोन तारखा नोंदवहीत वेगवेगळ्या असाव्यात, एवढा आग्रह धरा.

प्रश्न : मुलांना पेटीत बेडूक आणि तलावातले कासव ठेवायचे आहे. त्यांना चालणारी झाडे सांगावीत. (एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : झाडे सांगणार नाही, कारण ते प्राणी पेटीत ठेवू नयेत. तलावातील मऊ पाठीचे कासव, चांदणी कासव, घोरपड यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, आणि रानातला कोणताही जीव पकडून आणण्याआधी वन विभागाला विचारलेच पाहिजे. परदेशी प्राण्यांपैकी जे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटिस कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांचीही नोंदणी २०२२ च्या सुधारणेनंतर बंधनकारक झाली आहे. मुलांना बेडूक पाहायचा असेल तर आपल्या तालुक्याइतके मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या फार थोड्यांच्या वाट्याला येतात. पहिल्या पावसाच्या रात्री त्यांना विजेरी घेऊन काठावर न्यावे. पेटीत स्प्रिंगटेल आणि सांदवाडीतील एखादी लहान गोगलगाय पुरे, आणि गोगलगाय कोणते पान खाते व कोणते सोडते ही नोंद मुलेच करतील.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या नाल्यात नेचे, मॉस आणि कीटक खाणारी दवबिंदू नावाची वनस्पती आढळते. नोंदवहीत ठिकाण लिहावे का? आणि ही नोंदवही शेवटी कोणाच्या मालकीची? (एक युवक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : दवबिंदूचे ठिकाण लिहू नका, जिल्ह्यापलीकडे काहीही नको. ही वनस्पती निकस, ओलसर जमिनीत उगवते, चिकट केसांवर अडकलेल्या किड्यांतून पोषण मिळवते आणि म्हणूनच तिच्यावर हौशी लोकांचा डोळा असतो. माझ्या मते सामाईक नोंदवहीत रानातून उपटून आणलेल्या रोपाला क्रमांकच देऊ नये. रोपवाटिकेतून आणलेले, दुसऱ्याच्या पेटीतून कलम घेतलेले, किंवा स्वतःच्या अंगणात आपोआप उगवलेले, एवढेच स्रोत मान्य करावेत. नाहीतर ‘विदर्भात टिकणाऱ्या रोपांची यादी’ ही नाला ओरबाडणाऱ्यांची खरेदीयादी होऊन बसेल.

गावच्या रानातील वनस्पतींची नोंद करायला वेगळी वही आधीच आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे; राज्य मंडळाचे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. दवबिंदूची माहिती त्या समितीकडे द्या. काचपेटीच्या नोंदवहीत औषधी उपयोगाचा रकानाही ठेवू नका. गावातील वडीलधाऱ्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यांना न विचारता सर्वांपुढे मांडण्याचा आपल्याला अधिकार नाही. हळदीने जखम भरते हे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असूनही त्यावर १९९५ साली अमेरिकेत एकस्व (पेटंट) दिले गेले होते, आणि ते १९९७ मध्ये रद्द करवून घ्यायला आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला पुरावे घेऊन लढावे लागले.

मालकीविषयी सुरुवातीलाच लिहून ठेवा, वाद झाल्यावर नव्हे. प्रत्येक नोंद ज्याची त्याच्या नावावर राहावी, छायाचित्र घेणाऱ्याचे नाव छायाचित्राखाली असावे, आणि संपूर्ण वही ‘श्रेय देऊन कोणीही वापरावी’ अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली असावी. वहीची प्रत किमान तीन वेगवेगळ्या गावांत राहावी. ज्या एका उत्साही माणसाच्या संगणकावर सगळे असते, तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला की वही त्याच्याबरोबर जाते, हे मी दोन वेळा पाहिले आहे. ओळख पटवण्यावरून मतभेद झाला तर मतदान करू नका. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते आणि त्याआधी अभ्यासगट बसवते. तशीच पद्धत येथे ठेवा. सहमती होईपर्यंत त्या नोंदीवर ‘ओळख बाकी’ एवढे लिहिलेले राहू द्या.

प्रश्न : आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही. कागदी वही चालेल का? आणि पेटीतील छाटलेल्या फांद्यांचे काय करावे? (एक वाचक, ता. चिखलदरा, जि. अमरावती)

उत्तर : कागदी वही उत्तम चालेल. आखीव रजिस्टरात रकाने संगणकातील रकान्यांच्याच क्रमाने पाडा, पाने क्रमांकित करा, आणि महिन्यातून एकदा परतवाड्याला किंवा अमरावतीला जाल तेव्हा पानांची छायाचित्रे गटाला पाठवा. टंकन दुसरा कोणीही करील. चिखलदऱ्याची उंची सुमारे ११०० मीटर, तेव्हा समुद्रसपाटीपासूनची उंची हा रकाना आपण मुद्दाम भरा. मेळघाट उतरल्यावर खाली जे रोप एप्रिलमध्ये मरते, ते आपल्याकडे जगते का, हे आपल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

छाटलेल्या फांद्या नाल्यात, बोडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. बेशरम आणि जलपर्णी या दोन्ही बाहेरून आलेल्या वनस्पतींनी आपल्या तलावांचे काय केले ते डोळ्यांसमोर आहे. सिंगोनियम, मनी प्लांट, ट्रॅडेस्कँशिया यांचा एक पेर ओल्या मातीत पडला तरी त्याला मुळे फुटतात. फांद्या पत्र्यावर पसरून कडक उन्हात पूर्ण वाळू द्याव्यात, देठ मोडल्यावर कटकन आवाज आला की मगच त्या शेणखताच्या खड्ड्यात टाकाव्यात. पावसाळ्यात ऊन नसेल तर बंद पिशवीत ऊन पडेपर्यंत ठेवाव्यात.